समोर कोण आहे? रेसलिंगच्या शोमधल्या जोड्या आणि गोष्टी

शिवाजीपार्की

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन रेसलिंग कंपनीच्या २०१७ च्या सर्वायव्हर सिरीज या शोमध्ये ब्रॉक लेस्नरसमोर जिंदर महाल उभा राहणार, असं आधी जाहीर झालं होतं. रॉ आणि स्मॅकडाउन हे कंपनीचे दोन साप्ताहिक शो; रॉचा चॅम्पियन विरुद्ध स्मॅकडाउनचा चॅम्पियन, असा त्या शोचा साचाच होता. शोला बारा दिवस उरले असताना मँचेस्टरमध्ये ए. जे. स्टाइल्सने जिंदरला हरवलं आणि लेस्नरची गाठ स्टाइल्सशी पडली. लेस्नर तोच, तारीख तीच, त्याचे सुप्लेक्सही (समोरच्याला उचलून मागे आपटायचा डाव) तेच. तरी सामना पार बदलला.

जिंदर अंगाने मोठा, चालीने संथ, आणि सिंग ब्रदर्स या साथीदारांच्या लुडबुडीवर जिंकणारा हील, म्हणजे खलनायक. लेस्नरही मोठा, तोही समोरच्याला चिरडणारा. या दोघांत प्रेक्षकाने जीव कोणासाठी टाकायचा? दोन भिंती एकमेकींवर आदळल्या असत्या, एवढंच. स्टाइल्स आला आणि चित्र पालटलं. तो लहानखुरा, चपळ, आणि मार असा खातो की बघणाऱ्याच्या पाठीत कळ यावी. पहिली काही मिनिटं लेस्नरने त्याला चादरीसारखा आपटला. मग स्टाइल्सला लेस्नरचा पाय सापडला, काफ क्रशर (पोटरी पिळणारी पकड) लागला, आणि ह्यूस्टनच्या त्या गर्दीला अचानक वाटलं की अरे, हे होऊ शकतं! शेवटी फिनॉमिनल फोरआर्म (दोरावरून झेप घेऊन मारायचा हात) मारायला झेपावलेल्या स्टाइल्सला लेस्नरने हवेतच झेललं आणि आपला हुकमी डाव एफ-फाइव्ह मारला. स्टाइल्स हरला, पण त्या पंधरा-एक मिनिटांत लेस्नर बऱ्याच दिवसांनी माणूस वाटला.

हा धागा काढायचं कारण हेच. आपल्याकडे रेसलिंगवर बोलताना 'कोण भारी' यावर रात्री जातात. हे बहुधा ट्रम्प कार्डांचे संस्कार असावेत: उंची, वजन, छाती, रँक. माझं म्हणणं असं की शो उभा राहतो तो 'कोणासमोर कोण' आणि 'का' यावर. घंटा वाजण्याआधी प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न असावा लागतो, आणि तो 'कोण जिंकणार' हा नसतो. 'हा त्याला पुरा कसा पडणार', 'याने केलेलं तो फेडणार का', 'हा पुन्हा तीच लबाडी करणार का' असा असतो. तो प्रश्न नसेल तर सामना थंड. कितीही कोलांट्या मारा, लोक पॉपकॉर्न आणायला उठतात.

माझ्या लेखी यातला सगळ्यात नेटका नमुना रेसलमेनिया (कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो) ३ चा, २९ मार्च १९८७ चा. त्या रात्रीचं पोस्टर हल्क होगन आणि आंद्रे द जायंटचं होतं, पण आजही माणसं अभ्यासतात तो रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांचा इंटरकॉन्टिनेंटल बेल्टचा (किताबाचा) सामना. काही महिने आधी सॅव्हेजने रिंगची घंटा स्टीमबोटच्या गळ्यावर हाणली होती आणि स्वरयंत्राला इजा झाली म्हणून स्टीमबोट बाहेर गेला होता. म्हणजे प्रेक्षक आले ते त्या गळ्याची काळजी घेऊनच. सॅव्हेज त्या सामन्यात वारंवार गळ्याकडे जातो. प्रत्येक वेळी स्टेडियम श्वास रोखतं. आणि शेवटी? सॅव्हेज पुन्हा तीच घंटा उचलतो, स्टीमबोटच्या बाजूने आलेला जॉर्ज स्टील त्याला टर्नबकलवरून ढकलतो, स्टीमबोट त्याला स्मॉल पॅकेजमध्ये गुंडाळून खांदे टेकवतो आणि तीन मोजून घेतो. ज्या वस्तूने भांडण सुरू झालं तिनेच संपलं. सॅव्हेज असले सामने आधी चाल-चाल ठरवून बसवत असे आणि इथे ते दिसतंही. पण नुसती चपळाई असती तर चाळीस वर्षांनी आपण बोललो नसतो. घंटा होती म्हणून बोलतोय.

दुसरी गोष्ट क्रमाची. तीही बुकिंगच (कोणाचा सामना कोणाशी, कधी आणि कसा, हे ठरवणं) आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष फार होतं. रेसलमेनिया १८, टोरांटो, १७ मार्च २००२. रॉक विरुद्ध होगन. होगन तेव्हा एनडब्ल्यूओ या टोळीतला हील, पण टोरांटोच्या लोकांनी त्यालाच डोक्यावर घेतलं. दोघांनी ते ऐकलं आणि रिंगमध्येच सामन्याचा सूर बदलला. हे कसब! पण त्यानंतर महिलांचा तिहेरी सामना आणि मग मेन इव्हेंट म्हणून ट्रिपल एच विरुद्ध जेरिको ठेवला होता. गर्दी तोवर ओरडून ओरडून थकलेली. जेरिकोसारखा गडी, अनडिस्प्युटेड बेल्ट पणाला, आणि सभागृहात जीव नाही. सामना वाईट नव्हता, जागा वाईट होती. २००९ साली रेसलमेनिया २५ ला अंडरटेकर-शॉन मायकल्सनंतर ट्रिपल एच-ऑर्टनचं पुन्हा तेच झालं. सात वर्षांत एवढं तरी शिकायला हवं होतं, याचा मला आजही राग येतो.

तुम्हाला कोणती जोडी अशी नेमकी लागलेली वाटते? आणि कोणती वाया गेली?

---

लालबागची_लाल_माती

लेख आवडला, पण एक शंका मनापासून विचारतो. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, वडील आखाड्यातले. गावच्या जत्रेत मैदान भरतं तेव्हा जोड लावायला वस्ताद मंडळी बसतात. वजन बघतात, कोण कोणाच्या तालमीतला ते बघतात, मागच्या वर्षी कोणी कोणाला चितपट केलं ते आठवतात. मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी. हलगी वाजत असते आणि लोक सकाळपासून त्या एका कुस्तीसाठी बसलेले असतात. म्हणजे तुम्ही म्हणता ती अक्कल आमच्या मैदानातही आहे. पण तिथे निकाल कोणाच्या हातात नसतो, निकाली कुस्ती म्हणजे निकाली. नूरा कुस्तीचा नुसता वास आला तरी लोक पैलवानाला मैदानात उभं करत नाहीत. इथे सगळंच ठरलेलं. मग त्या प्रश्नाला अर्थ काय उरला?

---

शिवाजीपार्की

@लालबागची_लाल_माती, शंका रास्त आहे. नूरा कुस्तीत लोकांची फसवणूक असते, कारण खरी कुस्ती बघायला मिळेल असं सांगून तिकीट फाडलेलं असतं. इथे आज कोणीही फसलेला नाही. आणि निकाल ठरलेला असला तरी त्या निकालाने काय होणार, हे समोरच्या दोघांनी कमवावं लागतं.

२३ मार्च १९९७, रेसलमेनिया १३, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन, सबमिशन मॅच (समोरच्याला हार मानायला लावायची लढत). ब्रेट चांगला माणूस म्हणून आत आला, ऑस्टिन वाईट म्हणून. ऑस्टिनचं तोंड रक्ताने माखलं, ब्रेटचा शार्पशूटर (पाय पिळणारी पकड) लागला, पण तो हार मानेना. शेवटी शुद्ध हरपली आणि रेफरी केन शॅमरॉकने सामना थांबवला. कागदावर ब्रेट जिंकला. मग त्याने पडलेल्या ऑस्टिनला मारणं चालूच ठेवलं आणि लोकांनी त्याची हुर्यो केली. ऑस्टिन कोणाचाही आधार न घेता स्वतःच्या पायांवर लंगडत बाहेर गेला. एका सामन्यात दोघांच्या भूमिका उलटल्या. हरलेला माणूस पुढच्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा तारा झाला. निकाल ठरवता येतो. 'हार न मानणारा' ही ओळख ठरवून मिळत नाही, ती रक्ताळलेल्या चेहऱ्याने कमवावी लागली.

तुमच्या वडिलांच्या मैदानात चितपट झालेला पैलवानही कधी कधी खांद्यावर बसून गेला असेल ना?

---

लालबागची_लाल_माती

गेलाय. नामांकित पैलवानाशी अर्धा-पाऊण तास झुंजलेल्या पोराला लोकांनी फेटा बांधलेला मी स्वतः पाहिलाय. मुद्दा पोचला. सामना बघतो आणि मग बोलतो.

---

ठाणे_फास्ट

जिंदरबद्दल जरा वेगळं मांडतो. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. २१ मे २०१७ ला त्याने ऑर्टनला हरवून बेल्ट घेतला तेव्हा आमच्या ऑफिसात रेसलिंग न बघणारी माणसंही विचारत होती. खली २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला होता, त्यानंतर दहा वर्षांनी हे. आनंद झाला आणि तो खोटा नव्हता.

पण दुखणं असं की त्याला गोष्टच दिली नाही. एप्रिलपर्यंत तो रोज हरणारा, मग एक सहा जणांचा सामना जिंकून दावेदार, आणि महिन्याभरात चॅम्पियन. मधली पायरीच नाही! आणि चॅम्पियन झाल्यावरचं भांडवल काय, तर 'मी परका म्हणून तुम्ही मला हिणवता'. हा प्रोमो (माइकवरचं भाषण) अमेरिकेतल्या प्रेक्षकाने हुर्यो करावी म्हणून लिहिलेला. तोच माणूस भारतातल्या लोकांचा लाडका व्हावा अशीही अपेक्षा. दोन्ही एकदम कसं होणार? पंजाबी प्रिझन या बांबूच्या पिंजऱ्यातल्या सामन्यात खली येऊन त्याला जिंकवून गेला, तेव्हा तर तो स्वतःच्या घरच्यांच्या आधाराशिवाय उभा राहत नाही असंच दिसलं. डिसेंबरात दिल्लीला शो झाला, तोवर बेल्ट गेलेला, आणि तिथेही ट्रिपल एच जिंकला. घरच्या मैदानावर तरी गोष्ट पुरी करायची होती.

---

शिवाजीपार्की

@ठाणे_फास्ट, शब्दाशब्दाशी सहमत. दोष माणसाचा नव्हता. त्याने शरीरावर घेतलेली मेहनत दिसत होती.

उलट उदाहरण आपल्याच शहरातलं आहे आणि त्याची आठवण कोणी काढत नाही. त्याच वर्षी, म्हणजे २०१७ च्या मे महिन्याच्या शेवटी, इम्पॅक्ट रेसलिंग (आधीचं नाव टीएनए) या दुसऱ्या कंपनीने मुंबईत शो टेप केले. त्यात संजय दत्तने (नट नव्हे, भारतीय वंशाचा अमेरिकन रेसलर) लो कीला हरवून एक्स डिव्हिजनचा (चपळ रेसलरांच्या गटाचा) बेल्ट जिंकला. टीएनएच्या सुरुवातीच्या काळापासून तो या डिव्हिजनमध्ये लढत आलेला, पण हा बेल्ट त्याच्या हाती कधी लागला नव्हता. समोर लो की, म्हणजे थंड डोक्याने, हिशेबाने लाथा घालणारा माणूस. आकार सारखा, वेग सारखा, स्वभाव उलटे. आणि प्रेक्षक मुंबईचे. इथे कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. बेल्ट लहान, कंपनी लहान, पण जोडी, जागा आणि इतक्या वर्षांची वाट एका रात्रीत जुळून आली. जिंदरच्या १७० दिवसांपेक्षा मला ते तीन मोजणं जास्त मोलाचं वाटतं.

---

मुलुंडकर

+१. त्याआधी २०१२ चं रिंग का किंग आठवतं का? पुण्यात बालेवाडीला शूट झालं, कलर्सवर लागायचं. महाबली वीराने बेल्ट घेतला ती जोडी चांगली लागली होती. एकच सीझन झाला, याची हळहळ वाटते.

---

रिंगसाइड_गोरेगाव

धाग्यात अजून बायकांचं नावच नाही म्हणून मी येते. :)

बेकी लिंच. नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्वायव्हर सिरीजला तिचा राँडा राउझीशी सामना ठरला होता. आदल्या सोमवारी रॉवर नाया जॅक्सचा ठोसा खरोखरच लागला आणि बेकीचं नाक मोडलं. ती रक्ताळलेल्या चेहऱ्याने गर्दीत उभी राहून हात पसरते, ते चित्र सगळ्यांनी पाहिलंय. सामना रद्द, तिच्या जागी शार्लट.

माझं मत असं की तो सामना तेव्हा झाला असता तर चांगला झाला असता आणि संपला असता. न झाल्यामुळे चार-पाच महिने लोकांच्या मनात तो चालू राहिला, आणि ७ एप्रिल २०१९ ला रेसलमेनिया ३५ मध्ये पहिल्यांदा बायकांनी मेन इव्हेंट केला. जोडी लावणं म्हणजे कधी कधी ती लांबवणंही असतं.

आणि मग ती बिघडवलीही. सरळ दोघींचा प्रश्न होता: ऑलिम्पिकचं ज्युदो पदक घेऊन आलेली राँडा, आणि 'मला कोणी काही दिलं नाही, मी घेतलं' म्हणणारी बेकी. त्यात शार्लटला घातलं. निलंबन काय, गुडघा काय, एक बेल्ट काय, दोन काय. शार्लट रिंगमध्ये उत्तम आहे, पण ती त्या प्रश्नात नव्हती. आणि इतकी वाट बघून शेवट एका घाईच्या रोल-अपने (गुंडाळून खांदे टेकवणं), राँडाचा खांदा वर उचललेला असताना! बेकी जिंकली म्हणून मी घरी ओरडले खरी, पण शेवट त्या गोष्टीच्या तोलाचा नव्हता.

---

कुर्ला_टर्मिनस

त्याच रात्री कोफी किंग्स्टनने डॅनियल ब्रायनला हरवलं. तेही अपघाताने सुरू झालेलं. फेब्रुवारीत मुस्तफा अली जखमी झाला, त्याच्या जागी कोफीला घेतलं, आणि गॉन्टलेटमध्ये (एकामागून एक नवा प्रतिस्पर्धी येतो तो सामना) तो तासभर लढला. अकरा वर्षं लोकांनी त्याला मधल्या फळीत पाहिलेलं. जोडी बघा: पाच वर्षांपूर्वी ब्रायन हाच 'तू मेन इव्हेंटचा नाहीस' ऐकून घेणारा होता. आता तोच कोफीला ते सांगत होता. ब्रायनऐवजी दुसरा कोणताही हील ठेवा, निम्मी धार जाते.

---

शिवाजीपार्की

@रिंगसाइड_गोरेगाव, ताई, 'लांबवणं' हा मुद्दा मी मूळ लेखातच घ्यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. शार्लटबद्दल थोडा मतभेद. राँडा आणि बेकी दोघींना इतक्या मोठ्या सामन्यात सांभाळून नेणारं कोणीतरी लागेल, असं बुकिंग करणाऱ्यांना वाटलं असू शकेल. पण शेवटाबद्दल काही वाद नाही.

@कुर्ला_टर्मिनस, अगदी. हीलचं काम हेच. फेसला (नायकाला) जे हवंय ते हीलकडे असावं आणि ते न देण्याचं त्याच्याकडे कारण असावं. ब्रायनकडे दोन्ही होतं.

---

वरळी_नाका

आमच्या आजोबांकडून ऐकलेलं सांगतो. ते गिरणीत होते. वरळीला वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंग काँगच्या फ्रीस्टाइल कुस्त्या व्हायच्या, त्या बघायला पाळी बदलून जायचे. त्यांना विचारलं की खऱ्या होत्या का, तर ते चिडायचे नाहीत. म्हणायचे, किंग काँग एवढा अवाढव्य होता की दारासिंगने त्याला उचलला की बघणाऱ्याचं पोट हललं पाहिजे, आणि हलायचं. १९६८ मध्ये दारासिंगने मुंबईतच लू थेझला हरवलं, ते मात्र वेगळ्या सुरात सांगायचे. किंग काँग डोंगर होता, थेझ कसबी होता. एकाला उचलण्यात आनंद, दुसऱ्याला डावात पकडण्यात. शिवाजीपार्की, तुम्ही लिहिलंय तेच ते वेगळ्या शब्दांत सांगत होते असं आज वाटलं.

---

लालबागची_लाल_माती

@वरळी_नाका, आमच्याकडेही दारासिंगचं नाव आदराने घेतात. अंगात खरी कुस्ती होती म्हणून ते सोंगही शोभलं.

ब्रेट-ऑस्टिन पाहिला. कुस्ती म्हणून मला अजून पटत नाही. पण त्या पोराने पाय सोडवायला ज्या जिवाच्या आकांताने धडपड केली, ती बघताना मी खुर्चीच्या टोकावर आलो होतो. घरच्यांनाही दाखवला.

---

ठाणे_फास्ट

आता अलीकडचं बोला. १ मार्च २०२५, टोरांटो, इतकी वर्षं फेस असलेला जॉन सीना हील झाला. वीस वर्षांहून जास्त काळ ज्याची वाट बघितली ते झालं. आणि रेसलमेनिया ४१ ला कोडी ऱ्होड्सविरुद्धचा सामना एवढा फिका का?

---

शिवाजीपार्की

कारण गोष्टीतलं मूळ पात्र गायब झालं. त्या रात्री टोरांटोत सीनाने कोडीवर हल्ला केला तो रॉकच्या इशाऱ्यावर. रॉकने कोडीकडे 'आत्मा' मागितला होता, कोडीने नकार दिला, सीनाने होकार दिला. म्हणजे प्रश्न तयार झाला: सीनाने काय विकलं, आणि का? पुढचे सहा-सात आठवडे त्याचं उत्तर हवं होतं. रॉक रेसलमेनियाला आलाच नाही. आला तो रॅपर ट्रॅव्हिस स्कॉट. सीनाने सतरावा बेल्ट जिंकला, विक्रम झाला, आणि लोक एकमेकांकडे बघत राहिले. सॅव्हेजची घंटा आठवा. इथे घंटा पहिल्या अंकात दाखवली आणि तिसऱ्या अंकात कोणी आणलीच नाही.

कोडीचंच २०२४ बघा. तिथे रॉक मध्ये घुसला, लोकांनी 'आम्हाला कोडी हवा' म्हणून आकाश पाताळ एक केलं, आणि बुकिंग करणाऱ्यांनी रॉकला त्याच गोष्टीतला खलनायक करून टाकलं. रोमन रेन्सचे चॅम्पियनपदाचे १३१६ दिवस कोडीने संपवले तेव्हा त्या सगळ्याला अर्थ आला. तीच माणसं होती. एका वर्षी लेखन नेटाने झालं, दुसऱ्या वर्षी सोडून दिलं.

---

नवीन_सदस्य_पनवेल

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. नेटफ्लिक्सवर मंगळवारी शाळेच्या आधी रॉ बघायचा हट्ट धरतो. मला यातलं काही कळत नाही, पण त्याच्यासोबत बसायचंय. कुठून सुरू करू? आणि गादीवर उड्या मारतो त्याचं काय करू?

---

रिंगसाइड_गोरेगाव

आधी दुसरं. त्याला स्पष्ट सांगा की हे लोक पडायचं कसं ते वर्षानुवर्षं शिकतात, आणि तरी बेकीचं नाक मोडलं. मान आणि डोकं यांच्याशी खेळ अजिबात नको, मित्रांवर डाव करून बघणं तर नकोच. याबाबत घरी कडक राहा.

---

शिवाजीपार्की

@नवीन_सदस्य_पनवेल, ताईंच्या सूचनेला माझाही दुजोरा.

सुरुवात सॅव्हेज-स्टीमबोटपासून करा. आधी घंटेचा प्रसंग दाखवा, मग सामना. तो सामना छोटाच आहे, शाळेआधी सहज होईल. सामना लावण्यापूर्वी मुलाला विचारा, 'तुला काय वाटतं, हा काय करेल?' आणि मधेच पुन्हा विचारा. त्याचं उत्तर बदललं की समजा सामना चांगला चाललाय. ब्रेट-ऑस्टिन रक्तामुळे सध्या राहू द्या. त्याऐवजी कोफीचा लावा, पण त्याआधीचा गॉन्टलेट वगळू नका, नाहीतर शेवटी कोफीच्या न्यू डे गटातली पोरं का रडतात ते त्याला कळणार नाही. रॉक-होगनसाठी मात्र टीव्हीचा आवाज मोठा ठेवा, तिथे निम्मा सामना प्रेक्षकांच्या आवाजात आहे.

मुलगा काय म्हणाला ते इथे जरूर लिहा. @मुलुंडकर, रिंग का किंगवर वेगळा धागा काढाल का? वीराबद्दल लिहायचंय, इथे फार लांबेल.